‘नॉट टू बॅड’ म्हणजे किती दुखतंय?

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून जाण्यासाठी ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीला माझ्याकडे ज्या मुली येतात, त्यांना पहिल्या दिवशी मी एक प्रसंग सांगते. ऐंशी ओलांडलेल्या एक बाई, खुब्याच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस, रात्रीचे दोन. तुम्ही पलंगाजवळ जाता आणि विचारता, ‘आर यू ऑल राइट?’ त्या म्हणतात, ‘नॉट टू बॅड, लव्ह. हॅवन्ट स्पेंट अ पेनी, दॅट्स ऑल.’ आता फाइलमध्ये काय लिहाल?

मुली हुशार असतात. डोंगरी, उत्तन, पाली, चौक इथल्या. कुणी भाईंदरच्या, कुणी मिरा रोडच्या हॉस्पिटलात तीन-चार वर्षं काढलेल्या. तरी बहुतेकजणी लिहितात की पेशंटची काही तक्रार नाही. पेनीचं वाक्य कुणीच लिहीत नाही, कारण त्याचं काय करायचं ते कळत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात यॉर्कशायरमधल्या एका हॉस्पिटलात नर्स असताना मीही हेच केलं होतं, आणि त्याची किंमत त्या बाईंनी मोजली.

मला वाटलं, त्या पैशांविषयी काही म्हणताहेत. म्हातारी माणसं रात्री-अपरात्री असं तुटक बोलतात, हे इथेही पाहिलेलं होतं. मी पांघरूण सारखं केलं, बीपी, नाडी, ताप पाहिला, आकडे ठीक होते. ‘कम्फर्टेबल’ असं लिहून पुढच्या पलंगाकडे गेले. सकाळी सिस्टरने मूत्राशयाचा स्कॅन केला तेव्हा आत नऊशे मिलिलिटरहून जास्त लघवी साठलेली होती. आदल्या संध्याकाळी कॅथेटर काढल्यापासून त्यांना लघवी झालीच नव्हती. पुन्हा कॅथेटर घालावा लागला, पाठोपाठ इन्फेक्शन झालं, घरी जायचा दिवस लांबला. लघवीच्या नोंदीचा रकाना रात्रभर रिकामा होता. तो मी पाहायला हवा होता, ती चूक माझी आणि तिला भाषेचं निमित्त नाही. पण त्याहीआधी बाईंनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

‘स्पेंड अ पेनी’ म्हणजे लघवीला जाणं. एकेकाळी तिथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहाचं दार उघडायला एक पेनी टाकावी लागायची, त्यावरून हा शब्द रूढ झाला. आपणही ‘लघुशंका’ म्हणतो, त्यात कुठलीच शंका नसते. परका माणूस शब्दकोश घेऊन बसला तर त्याला काय कळणार? सिस्टर मला रागावली नाही. तिने विचारलं, त्या नेमकं काय म्हणाल्या ते आठव. मी सांगितलं. मग ती म्हणाली की ‘नॉट टू बॅड’ ऐकलंस ना, की तिथून पुढे तुझं काम सुरू होतं. दुपारी मी त्या बाईंची क्षमा मागायला गेले, तर त्याच मला सॉरी म्हणाल्या. तू रात्रभर इतकी धावपळ करत होतीस, तुला आणखी त्रास कशाला द्यायचा, असं त्यांना वाटलं होतं.

डोंगरी म्हटलं की बहुतेकांना मुंबईतली, सँडहर्स्ट रोडजवळची डोंगरी आठवते. आमची डोंगरी भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या रस्त्यावर. आम्ही ईस्ट इंडियन. घरात मराठी, प्रार्थना मराठीत, आडनावं पोर्तुगीज. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली, १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली. आणि १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या साली, आमच्या पूर्वजांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतलं. बाहेरून मुंबईत नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथलेच, आणि कंपनीच्या काळापासून इंग्रजांच्या चाकरीतले, हे त्यांना त्या नावातून सांगायचं होतं.

हे सगळं इथे सांगायचं कारण एवढंच की याच गोष्टीने मला फसवलं. येशू तोच, नाताळ तोच, शाळा कॉन्व्हेंटची, आडनाव त्यांना उच्चारता येईल असं. माझ्याबरोबर केरळहून आलेल्या मुलींना इंग्रजांचे रीतिरिवाज शिकावे लागतील, मला नाही, असं मी मनाशी धरून गेले होते. आयेल्ट्समध्ये चारही भागांत सात मिळवले होते, तेव्हा तेवढेच लागत. पुढे लेखनाचा आकडा साडेसहावर आला आणि ओईटीही चालू लागली. कागदावर मला इंग्रजी येत होतं. पण इंग्रज माणूस बोलताना काय गाळतो, हे कुठल्याच परीक्षेत नव्हतं.

नंतर, कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करताना, मी ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षाही दिली. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास. आठव्या हेन्रीच्या सहा राण्या मी पाठ केल्या होत्या. त्या परीक्षेला मी नावं ठेवत नाही, देशाचा इतिहास माहीत असावा. पण पाच वर्षांत मला हेन्रीच्या राण्यांबद्दल एकाही माणसाने विचारलं नाही, आणि ‘नॉट टू बॅड’ रोज वीस वेळा ऐकलं.

म्हणून आधी बोलण्याविषयी लिहिते, सणवार नंतर.

तिकडचा माणूस, विशेषतः जुन्या पिढीतला, आपलं दुखणं आणि आपली गरज दोन्ही लहान करून सांगतो. ‘अ बिट सोअर’ म्हणजे बरंच दुखतंय. ‘कान्ट ग्रंबल’ म्हणजे तक्रार करण्यासारखं आहे, पण मी करणार नाही. ‘आय डोन्ट वॉन्ट टू बी अ बॉदर’ हे वाक्य ऐकलं तर हातातलं काम सोडून खुर्ची ओढून बसा. ‘अ फनी टर्न’ म्हणजे गंमत नव्हे. चक्कर आली, शुद्ध हरपली, क्षणभर बोलता आलं नाही, यांतलं काहीही असू शकतं, आणि ते पक्षाघाताचं पहिलं लक्षणही असू शकतं. ‘पुअरली’ हा शब्द पोरासोरांच्या सर्दीलाही वापरतात, पण हॉस्पिटलात डॉक्टर नातेवाइकांना ‘व्हेरी पुअरली’ म्हणाले तर ते माणूस जगण्या-मरण्याच्या सीमेवर आहे असं सांगताहेत. ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे लघवीचा मार्ग. उलट एखादे आजोबा ‘आय ॲम गॅस्पिंग’ म्हणाले तर ऑक्सिजनकडे धावण्याआधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. बहुधा त्यांना चहा हवा असतो. यॉर्कशायर-लँकेशायरकडची म्हातारी माणसं ‘स्टार्व्ह्ड’ म्हणतात तेव्हा त्यांना भूक लागलेली असते असंही नाही, कधी कधी थंडी वाजत असते.

मग विचारायचं कसं? ‘आर यू ऑल राइट’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नका. तिथे तो प्रश्नच नाही, तो ‘काय, बरं ना?’ सारखा नमस्कार आहे, आणि त्याचं ठरलेलं उत्तर ‘ऑल राइट’ एवढंच. पहिले दोन आठवडे जो तो मला हे विचारायचा आणि मी आजारी दिसते की काय, असं वाटून मी आरशात बघून यायची. पेशंटला असा प्रश्न विचारा की ज्याचं उत्तर सभ्यपणाने टाळता येणार नाही. शेवटची लघवी कधी झाली? कुशीवर वळताना दुखतं का? खोकलात तर कुठे दुखतं? शून्य ते दहात किती? आणि आकडा चार सांगितला तर चेहरा पाहून ठरवा की तो चार आहे की सात.

खरं तर ही रीत मला परकी नव्हती, याचंच मला अजून वाईट वाटतं. माझ्या आईचे गुडघे सुजून भोपळ्यासारखे झालेले असतात आणि विचारलं की ती म्हणते, ‘बरी हाय मी.’ त्या ‘बरी हाय’चा अर्थ मला लहानपणापासून कळतो. तोच अर्थ इंग्रजी कपड्यांत आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. परकी भाषा आपण जास्तच अक्षरशः ऐकतो.

दुसरी अडचण उलट बाजूने येते, आपल्या बोलण्याची. मराठीत ‘प्लीज’ला रोजच्या वापराचा शब्द नाही, ‘कृपया’ पाटीवर असतो. आपण उद्धट आहोत असं मुळीच नाही. आपली अदब क्रियापदात असते आणि सुरात असते. ‘जरा ती फाइल द्या ना’ या वाक्यात ‘जरा’, ‘द्या’ आणि ‘ना’ हे तिघं मिळून विनंती करतात. हेच इंग्रजीत नेलं की ते तिघंही गळून पडतात आणि उरतं ‘गिव्ह मी दॅट फाइल’. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो, त्यांच्याकडे धाकट्यालाही ‘यू’ आणि राणीलाही ‘यू’. म्हणून त्यांचा सगळा मान ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘सॉरी, कुड आय जस्ट’ यांच्यात जाऊन बसलाय. हे फुकटचे शब्द नाहीत. दोन महिने माझ्याशी एक आरोग्यसेविका तुटक वागत होती. मी तिला सारखी हुकूम सोडते, असं तिला वाटत होतं आणि ती मनातल्या मनात दुखावली होती. मी मात्र तिला मराठी सुरात, अगदी मायेने सांगत होते. कळलं तेव्हा मी तिला समोर बसवून आमच्या भाषेत विनंती कुठे असते ते समजावलं. त्यानंतर आमची मैत्री झाली ती आजतागायत आहे.

थँक्यूचंही तसंच. आपल्याकडे घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं तर तो म्हणतो, मी परका आहे का? तिथे बसमधून उतरताना ड्रायव्हरला, दार धरून ठेवणाऱ्याला, नवऱ्याने चहाचा कप हातात दिला तर नवऱ्यालाही थँक्यू. मनात यायची वाट बघू नका, आधी तोंडाला सवय लावा.

वरिष्ठांचा हुकूमही तिथे सल्ल्याच्या रूपात येतो. ‘यू माइट वॉन्ट टू हॅव अ लुक ॲट बेड फोर’ असं सिस्टर म्हणाली तर तुम्हाला वाटलं तर बघा, असा अर्थ नाही, आत्ता बघा. ‘व्हेन यू हॅव अ मिनिट’ म्हणजे ते मिनिट आता आलंय. ‘दॅट्स क्वाइट गुड’ ही मोठी शाबासकी समजू नका, ‘बरं आहे’ इतकीच ती असते. आणि ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं तर पुढचं वाक्य नीट ऐका. माझ्या ओळखीच्या एका मुलीला सहा महिन्यांच्या तपासणीत ‘थोडी सुधारणा करता येईल’ असं सौम्यपणे सांगितलं गेलं. तिने ते कौतुकासकट ऐकलं आणि विसरली. तिचा कायम होण्याचा काळ तीन महिन्यांनी लांबवला तेव्हा तिला धक्का बसला. तिला कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. पण तिथे कुणी ओरडत नाही. आवाज चढायची वाट बघाल तर उशीर होईल.

एक शब्द इथून निघताना पेटीतून काढून ठेवा, तो म्हणजे ‘एक्स्पायर्ड’. आपल्या हॉस्पिटलांत सर्रास म्हणतात. तिथे औषधाची मुदत आणि दुधाची पिशवी एक्स्पायर होते, माणूस नाही. एका मुलाला त्याच्या वडिलांबद्दल मी हा शब्द वापरला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. ‘डाइड’ म्हणा, स्पष्ट असतं आणि दुखावत नाही. तसंच ‘अंकल’, ‘आंटी’. आमच्या गावात वडीलधाऱ्याला नुसतं नावाने हाक मारणं पाप. तिथे ऐंशी वर्षांच्या आजोबांना नावाने हाक मारतात, पण आधी विचारून: तुम्हाला काय म्हणून हाक मारू? कुणी म्हणेल जॉन, कुणी म्हणेल मिस्टर अमुक, आणि ते पलंगामागच्या फळ्यावर लिहितात.

यावरून आठवलं. माझ्या युनिफॉर्मवर पिवळा बिल्ला असायचा, ‘हॅलो, माय नेम इज’. त्यामागे यॉर्कशायरच्याच एक डॉक्टर आहेत, केट ग्रेंजर. वृद्धांवर उपचार करणाऱ्या या तरुण डॉक्टरला स्वतःलाच कॅन्सर झाला. २०१३ मध्ये हॉस्पिटलात पडून असताना त्यांच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे स्वतःचं नावसुद्धा सांगत नाहीत. एवढ्याशा गोष्टीची त्यांनी मोहीम केली आणि ती साऱ्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, पसरली. २०१६ च्या जुलैत त्या गेल्या, मी तिथे पोहोचून महिनाही झाला नव्हता. माझ्या शिकवणीत मुली आत आल्या की आधी नाव सांगतात, मग बसतात. ते केट ग्रेंजर यांच्यामुळे.

पेशंटनी तुम्हाला ‘लव्ह’ म्हटलं तर बिचकू नका. यॉर्कशायरमध्ये बसचा ड्रायव्हरही प्रवाशांना ‘लव्ह’ म्हणतो, मिडलंड्समध्ये ‘डक’ म्हणतात, न्यूकॅसलकडे ‘पेट’, ग्लासगोत ‘हेन’. आमच्याकडच्या ‘बाय’सारखंच ते. तेवढ्याने एखाद्याच्या हेतूवर शंका घेऊ नका. हेतू वाईट असेल तर तो सुरात आणि नजरेत कळतो, सगळीकडे सारखाच.

आता दाराविषयी. ‘यू मस्ट कम राउंड समटाइम’ असं मला वॉर्डातली एक सहकारी तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी ठरवलं की आता न जाणं बरं दिसणार नाही. आईने पाठवलेलं सामान नुकतंच आलं होतं. नेवऱ्यांचा डबा घेऊन रविवारी दुपारी मी तिच्या दारात उभी राहिले. दार अर्धं उघडलं. ती हसली, पण हात दाराच्या कडेवर तसाच. आत तिचा नवरा केस ओले घेऊन उभा दिसला. पायरीवर पाच मिनिटं आम्ही हवेबद्दल बोललो, तिने डबा घेतला, खूप आभार मानले, आणि मी बसस्टॉपवर येऊन रडले. आमच्या डोंगरीत दुपारी दाराला कडी नसते. शेजारीण चुलीपर्यंत येते आणि झाकण उघडून बघते. त्या अर्ध्या दाराने मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

ती बाई वाईट नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत मी तापाने खोलीत पडले होते, तेव्हा याच बाईने सलग नऊ दिवस माझ्या दाराशी जेवण ठेवलं. बेल वाजवायची, मागे सरकायची, फाटकापाशी उभी राहून हात हलवायची. तिच्या लेखी घर म्हणजे जिथे माणूस कुणाला दिसायचं नाही ते ठिकाण, आणि तिथे न सांगता जाणं म्हणजे त्या माणसाला उघडं पाडणं. ‘समटाइम’ हे आमंत्रण नसून तू मला आवडतेस एवढंच सांगणं होतं. आमंत्रणाला वार असतो आणि वेळ असते. चारला बोलावलं तर चारच्या आधी पोहोचू नका, पाच-दहा मिनिटं उशीर चालतो, अर्धा तास नाही. हातात काहीतरी न्या. आणि उत्तरेत ‘टी’ला बोलावलं तर नुसता चहा समजून जेवून जाऊ नका, कष्टकरी घरांत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण असतं, आणि ‘डिनर’ दुपारचं.

पबमध्ये जायला आपल्या मुली कचरतात. दारू घेतलीच पाहिजे असं नाही, संत्र्याचा रस मागा, कुणी काही म्हणत नाही. पण ‘राउंड’ची रीत माहीत असू द्या. एक जण सगळ्यांसाठी आणतो, मग दुसरा, मग तिसरा. मी पहिल्या वेळी तीन जणांकडून रस घेतला आणि दहाला उठून घरी आले. पैसे वाचवायचा विचार मनातही नव्हता, मला वाटलं ते पाहुणचार करताहेत. माझी पाळी चुकली, हे मला वर्षभराने कळलं. आणि काउंटरपाशी रांग दिसत नसली तरी असते. आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं, बारवाला चुकून तुमच्याकडे आधी वळला तर ‘ते माझ्या आधी आलेत’ असं सांगायचं. भाईंदर स्टेशनला चढणाऱ्या माणसाला ही सवय लागायला वेळ लागतो.

सणांपैकी दोनच सांगते, कारण त्यांनीच मला जास्त शिकवलं.

नाताळ माझा, असं मी गृहीत धरलेलं. डोंगरीत नाताळ म्हणजे गाव. बेथलेहेम मातेच्या चर्चमधून बाहेर पडलं की सकाळपर्यंत घराघरांत जाणं-येणं, फुगिया, इंदाळ, ताटं झाकून शेजारी पाठवणं. पहिल्या वर्षी पंचवीस तारखेला माझी सुट्टी होती. पस्तीस मैलांवरच्या गावात राहणाऱ्या वसईच्या मैत्रिणीकडे मी जाणार होते. स्टेशनवर आले तर दाराला कुलूप. त्या दिवशी तिथे रेल्वे धावत नाही. बसही जवळजवळ कुठेच नाही. मोठी दुकानं कायद्याने बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही, खिडक्यांत दिवे. मी परत येऊन पावाला जॅम लावून खाल्लं.

तिथला नाताळ घराच्या आतला आहे. टर्की, ब्रसल्स स्प्राउट्स, दोघांनी ओढून फोडायचे क्रॅकर्स, त्यातून निघणारा कागदी मुकुट आजोबांपासून सगळे घालतात, तीन वाजता टीव्हीवर राणीचं भाषण, आता राजाचं. ही भाषणाची प्रथा १९३२ मध्ये पाचव्या जॉर्जने रेडिओवर सुरू केली. चर्चला जाणारे थोडे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याहूनही कमी निघाले. सुरुवातीला मला वाटलं, यांनी सणातून देव काढून टाकला. नंतर दोन नाताळ मी एका सहकाऱ्याच्या घरी घालवले आणि पाहिलं की वर्षभर फोनवरही न बोलणारी भावंडं त्या एका टेबलासाठी दोनशे मैल गाडी चालवत येतात. म्हणून त्या दिवशी तुमच्याजवळ टेबल नसेल तर आधीच सांगा. नोव्हेंबरातच सहज म्हणा की मी नाताळला एकटीच आहे. इंग्रज माणूस आपणहून विचारायला संकोचतो, पण कळलं की बोलावतो. नाहीतर त्या दिवशी ड्यूटी मागून घ्या. वॉर्डातला नाताळ फार प्रेमाचा असतो. आणि डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या सहकाऱ्यांना कार्ड द्या, प्रत्येकाचं नाव हाताने लिहून. तिथे ते मोजलं जातं.

दुसरा दिवस ११ नोव्हेंबर. पहिलं महायुद्ध संपलं त्या घटकेला, सकाळी अकरा वाजता, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी दोन मिनिटं सारा देश थांबतो. कोटावर कागदी लाल पॉपी असते. मला शाळेतल्या पुस्तकातून हे माहीत होतं, पण त्या दिवशी लक्षात नव्हतं. औषधांची ट्रॉली ढकलत मी वॉर्डाच्या मधोमध चालले होते, चाकं करकरत होती, आणि अचानक जाणवलं की दुसरा कुठलाच आवाज नाही. पलंगाशेजारी एक नव्वदीचे गृहस्थ काठीला धरून उभे राहिले होते. ज्यांना दोन दिवस उठवायला आम्हाला दोघी लागत होत्या, ते. मी थांबले, पण उशिरा थांबले.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ गेले. ते म्हणाले, तुमचीही माणसं होती. मला तेवढंही माहीत नव्हतं. पहिल्या महायुद्धात अखंड हिंदुस्थानातले ७४ हजारांच्या आसपास सैनिक मेले. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्यांसाठी ब्रायटनच्या राजवाड्यात हॉस्पिटल केलं होतं, जातीधर्मांप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरं ठेवून. एका इंग्रज म्हाताऱ्याने मला माझ्याच देशाच्या माणसांची आठवण करून दिली. पुढल्या वर्षीपासून मी पॉपी लावली ती आपल्या माणसांसाठी. कुणी लावायचं, कुणी नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं, तिथेही सगळे लावत नाहीत. पण अकरा वाजता थांबा.

पाच नोव्हेंबरच्या फटाक्यांनी आपल्याला दिवाळी आठवते, तेव्हा एक ध्यानात असू द्या. १६०५ साली पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सच्या नावाची ती रात्र, आणि तो होता कॅथलिक, यॉर्कचाच. माझ्यासारख्या कॅथलिक बाईला ते कळल्यावर क्षणभर कसंसंच झालं. आता कुणी त्या भावनेने शेकोटी पेटवत नाही, मुलांना टॉफी मिळते आणि थंडीत मजा येते.

वाचायचं काय, असं मुली विचारतात. ‘अपूर्वाई’ वाचून आपल्या कितीतरी घरांनी इंग्लंड पाहिलं, मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ही जरूर वाचा. पण तुम्ही तिथे फिरायला नाही, रात्रपाळी करायला जाणार आहात. जमलं तर केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं ‘वॉचिंग द इंग्लिश’ वाचा, २००४ चं आहे. इंग्रज हवेविषयी इतकं का बोलतात, हे तिथे मला पहिल्यांदा नीट समजलं: ते हवेविषयी नसतंच, बोलायला सुरुवात कशी करावी या संकोचातून काढलेली ती वाट आहे. म्हणून कुणी ‘चिली टुडे’ म्हटलं तर थर्मामीटर बघून वाद घालू नका, ‘इझन्ट इट’ म्हणा. आणि पुस्तकापेक्षा जास्त उपयोगाचं म्हणजे वॉर्डातली एखादी जुनी आरोग्यसेविका गाठून तिला सरळ सांगणं, की मी चुकले तर मला बाजूला घेऊन सांग. हे तोंडाने सांगावंच लागतं. तुम्ही परवानगी दिल्याशिवाय तिथे कुणी तुमची चूक तुम्हाला दाखवणार नाही. ते त्यांना असभ्य वाटतं, आणि तुम्ही त्याच चुका वर्षानुवर्षं करत राहता.

येत्या जानेवारीत दोघी निघताहेत, एक पालीची, एक इथलीच. दोघींच्या आया आत्तापासून बॉटल मसाल्याच्या बाटल्या कापडात गुंडाळताहेत. परवा एकीने विचारलं, आंटी, तिथे पहिल्यांदा कुणाकडे जाताना नेवऱ्या नेल्या तर चालतील का? मी म्हटलं, चालतील काय, ने. अर्धं दार उघडणाऱ्या त्या बाईने माझा डबा परत केला तेव्हा आत तिने केलेला लेमन केक होता, आणि त्यावर चिठ्ठी होती की पुढच्या शनिवारी साडेतीनला येशील का. तू फक्त आधी फोन कर, वार ठरव आणि मग जा.